पूर ओसरल्यावर निवारा केंद्रात कुत्रा न्यायचा तर काय काय लागतं? (गोवा; चर्चागटातली चर्चा, प्रत्येक नोंदीवर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

म्हादईकाठ
पावसाळा तोंडावर आला. डिचोली-सत्तरी भागात चार कुत्रे आणि चार हँडलर (कुत्रा सांभाळणारी माणसं) अशी तयारी चालू आहे. जुलै २०२१ सारखा पूर पुन्हा आला आणि शाळांच्या सभागृहांत माणसं हलवावी लागली, तर धीर द्यायला कुत्रे घेऊन जायचं असा बेत आहे.

आधी एक खुलासा, कारण दर वेळी गल्लत होते. हे शोधकार्याचे कुत्रे नव्हेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कीच्या भूकंपात एनडीआरएफच्या (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या) ज्युली या कुत्रीने ढिगाऱ्याखालची मुलगी हुडकली, ते नाकाचं काम. इथे कुत्र्याने नुसतं शेजारी बसायचं आहे. ऐकायला सोपं वाटतं, म्हणूनच विचारतोय.

कच्चा आराखडा असा: लसी झाल्यात. 'बस', 'थांब', 'ये' येतं. पाणी ओसरलं की दुसऱ्याच दिवशी जायचं. रोज चार तास, आठवडाभर. यात काय चुकतंय ते स्पष्ट सांगा.

लीश ढिली ठेवा
शेवटच्या दोन ओळी पूर्ण चुकल्यात आणि पहिल्या दोन अर्धवट आहेत. दिवस आणि तासांचं इतर जाणकार सांगतीलच, मी कुत्र्याच्या निवडीबद्दल लिहितो.

दीड वर्षाखालचा कुत्रा नकोच, मोठ्या अंगाच्या जातीत दोन वर्षं धरा. त्यातही एकदम शिबिरात नाही. आधी निदान सहा महिने वृद्धाश्रम, विशेष मुलांची शाळा, वाचनालय अशा शांत जागी नियमित फेऱ्या व्हायला हव्यात. आपत्तीनंतरची जागा ही वरच्या वर्गाची परीक्षा आहे. खालचा वर्ग चुकवून तिथे बसवलेला कुत्रा पहिल्या तासाला गप्प राहतो, दुसऱ्या तासाला गुरगुरतो.

घरच्या घरी घ्यायच्या चाचण्या:

स्टीलचं ताट तीन मीटरवरून फरशीवर पाडा. कुत्रा दचकला तर चालेल. पाच-सात सेकंदांत सावरून तुमच्याकडे बघतो का, हे महत्त्वाचं. टेबलाखाली जाऊन बसला आणि बाहेर येईना, तर हे काम त्याचं नव्हे.

ताडपत्री अंथरून त्यावरून चालवा. सभागृहात सगळीकडे ताडपत्री असते, पायाखाली करकरते. अनेक चांगले कुत्रे दारातच अडतात ते याच कारणाने.

रेनकोटची टोपी डोळ्यांपर्यंत ओढलेला अनोळखी माणूस समोरून चालत येऊ द्या. पावसाळ्यात निम्मी माणसं तशीच दिसतात. चेहरा दिसला नाही की भुंकणारे कुत्रे भरपूर. हेल्मेट, कुबडी, व्हीलचेअर, डोक्यावरचं घोंगडं यांचीही सवय लावा.

कोणाला तरी कान धरायला, घट्ट मिठी मारायला आणि मोठ्याने हुंदके द्यायला सांगा. हुंदक्यांवर तीन प्रकार दिसतात. एक अंगावर चढून तोंड चाटू लागतो, दुसरा मागे सरतो, तिसरा जवळ येऊन टेकतो. आपल्याला तिसरा हवा. पहिल्याला शिकवता येतं. दुसऱ्याला सोडून द्या.

जनरेटर दहा मीटरवर चालू करून पाहा. आवाज आणि डिझेलचा वास दोन्ही.

जमिनीवर पाव, बिस्कीट, कोंबडीचं हाड ठेवा आणि 'सोड' म्हणा. दहापैकी दहा वेळा सुटलं पाहिजे. नऊ नाही.

एकाही चाचणीत दात दाखवले, तर चर्चा संपली. तो घरचा लाडका म्हणून राहू दे, त्यात कमीपणा नाही. लोक सगळ्यांत प्रेमळ कुत्रा निवडतात आणि तिथेच फसतात. शेपटीने ताटं पाडणारा, सगळ्यांच्या अंगावर उडणारा कुत्रा शिबिरात त्रासच देतो. थोडा आळशी, फार भिडस्त नसलेला, 'बरं, बसतो' म्हणणारा बघा.

पारावरचा
एक विचारू? घरात कमरेएवढा चिखल, रेशन कार्ड वाहून गेलं, गाय मेली. अशा माणसापुढे तुम्ही कुत्रा नेऊन उभा करणार आणि त्याने त्याला कुरवाळायचं? हे शहरी चोचले नाहीत का?

ऐकून घेणारी
पारावरचा, प्रश्न रास्त आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत कुत्रा नेला तर चोचलेच म्हणायचे. तेव्हा लागतं ते कोरडं अंथरूण, औषधं, घरच्यांचा पत्ता, फोन चार्ज करायला प्लग. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची तीन कामं सांगितली: बघा, ऐका, जोडून द्या. जोडून द्यायचं म्हणजे माणसाला मदतीशी, माहितीशी आणि त्याच्या माणसांशी. यातलं एकही काम कुत्रा करत नाही.

मग तो कशाला? बसायला निमित्त म्हणून. 'मी समुपदेशक आहे, बोलायचं आहे का?' असं विचारलं की आपल्याकडे दहापैकी नऊ जण म्हणतात, 'मला काय झालंय? बरा आहे मी.' कुत्रा शेजारी बसला की माणूस त्याच्या पाठीवर हात ठेवतो आणि कुत्र्याकडे बघत बोलतो. समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही. अमेरिकेतले बालमानसतज्ज्ञ बोरिस लेविन्सन यांनी १९६०च्या दशकात हेच नोंदवलं होतं: त्यांचा कुत्रा जिंगल्स खोलीत असला की गप्प राहणारं मूल बोलू लागे. १९९५ च्या ओक्लाहोमा सिटी स्फोटानंतर आणि २००१ मध्ये न्यूयॉर्कला पिअर ९४ वरच्या नातेवाईक मदत केंद्रात कुत्रे नेले गेले, तेही याच समजुतीवर.

पुराव्याबद्दल प्रामाणिक राहायचं तर: कुत्र्याला कुरवाळल्यावर ताणाचं संप्रेरक, म्हणजे कॉर्टिसॉल, थोड्या वेळापुरतं उतरल्याचे अभ्यास आहेत. पण त्यातले बरेच छोटे आहेत आणि रुग्णालयांत किंवा विद्यार्थ्यांवर झालेले आहेत. 'कुत्र्यामुळे आघात बरा होतो' असं फलकावर लिहू नका. घटकाभर श्वास खाली बसतो, एवढंच म्हणा.

वेळेचं गणित: चौथ्या दिवसापासून पुढे. जेवणाच्या वेळा ठरल्या, कोण कुठे झोपतं ते ठरलं, यादी झाली की मग. आणि खरी गरज त्याहून उशिरा, दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात. फोटो काढणारे परत गेलेले असतात, पंचनाम्याचे कागद अडकलेले असतात, भिंतींना बुरशी धरलेली असते. तेव्हा कोणी फिरकत नाही. आठवडाभर रोज जाण्यापेक्षा सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, त्याच वारी, त्याच वेळी, तोच कुत्रा हे कितीतरी जास्त उपयोगाचं.

काय करायचं नाही तेही लिहिते. 'काय झालं ते सगळं सांग' म्हणायचं नाही. एका बैठकीत जबरदस्तीने सगळं वदवून घ्यायची जुनी पद्धत आता जागतिक आरोग्य संघटनाही नको म्हणते. 'रडू नकोस' नाही. 'देवाची मर्जी' नाही. हँडलरने एका माणसापाशी बोललेल्या वेळातला चौथा हिस्सा स्वतः बोलला, तर तो जास्तच बोलला.

ओल्या पायांचा डॉक्टर
जनावरांच्या बाजूने लिहितो. 'लसी झाल्यात' म्हणजे कुठल्या?

रेबीज: तिसऱ्या महिन्यात पहिली, पुढे बूस्टर आणि दरवर्षी. नोंदवहीत बॅच नंबरचं लेबल, तारीख, सही हवी. गोव्यात मिशन रेबीज या संस्थेचं काम २०१४ पासून चालू आहे आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं. यावर विसंबून कोणी वर्ष चुकवू नका. सिंधुदुर्ग आणि बेळगाव-कारवारकडून येणाऱ्या कुत्र्यांना सीमा कळत नाही.

लेप्टोस्पायरोसिस: आपल्या कामात सगळ्यांत मोठा धोका हाच. पुराच्या पाण्यात उंदराचं मूत, ते कुत्र्याच्या पायावरच्या बारीक चिरेतून आत. कुत्र्याच्या मुतातून पुढे माणसाला. लसीचे दोन डोस, दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने, आणि दुसऱ्यानंतर संरक्षण तयार व्हायला आणखी दोनेक आठवडे. म्हणजे जूनसाठी सुरुवात एप्रिलमध्ये. पूर आल्यावर टोचून उपयोग नाही. पुढे दरवर्षी. शिवाय लस सगळ्या प्रकारच्या जंतूंना पुरत नाही, तेव्हा लस झालेला कुत्राही साचलेल्या पाण्यातून चालवू नका. गाडीपासून दारापर्यंत पाणी असेल तर उचलून न्या. २५ किलोचा लॅब्राडोर उचलवणार नसेल तर त्या दिवशी जाऊ नका. हँडलरने गमबूट घालावेत, आणि स्वतःच्या प्रतिबंधक गोळीबद्दल आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला विचारावं. मनाने घेऊ नये.

गोचीड: महिन्याची किंवा तीन महिन्यांची गोळी, तारीख लिहून ठेवून. गोचीड असलेला कुत्रा लोकांच्या अंथरुणाशेजारी बसवायचा नाही. फेरीच्या सकाळी कानाच्या आत, बोटांमध्ये, शेपटीखाली हाताने चाचपा. जंत दर तीन महिन्यांनी.

कच्चं मांस खाऊ घालत असाल तर बंद. त्या कुत्र्याच्या लाळेत आणि विष्ठेत साल्मोनेला (जुलाबाचा जंतू) असू शकतो आणि शिबिरात तान्ही मुलं, म्हातारी, मधुमेही सगळेच असतात.

आता उकाडा. गोव्याची हवा पावसाळ्यात इतकी दमट की कुत्र्याचं धापा टाकणं कामच करत नाही. जिभेवरचं पाणी उडेल तर ना अंग निवणार. बंद सभागृह, दीडशे माणसं, वीज गेलेली. तापमान २९ अंशच असलं तरी कुत्रा तापतो. ओळखायचं कसं? जीभ टोकाला चमच्यासारखी रुंद होते, लाळ चिकट होते, हिरड्या विटकरी लाल दिसतात. इथेच थांबायचं. लडखडला तर उष्माघात धरा: नळाचं पाणी पोटावर, जांघेत, पायांवर ओतत राहा आणि वारा घाला. ओल्या टॉवेलात गुंडाळू नका, टॉवेल गरम होऊन उष्णता आत कोंडतो. ताप ३९.५ अंशांपर्यंत उतरला की पाणी थांबवा आणि जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९.२, म्हणून थर्मामीटर पेटीत हवाच. पग, बुलडॉग, शिट्झू असे चपट्या नाकाचे या हवेत नकोत.

म्हादईकाठ
चारातला एक पग आहे. बाद.

आंब्याचो टाळो
गावठी चालेल का? की गोल्डन रिट्रीव्हरच लागतो? परदेशातल्या फोटोंत सगळे गोल्डनच दिसतात.

लीश ढिली ठेवा
जात दुय्यम. दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीच्या रुग्णालयात जखमी सैनिकांचं मन रमवणारी स्मोकी ही यॉर्कशायर टेरियर होती, दोन किलोच्या आसपासची. गोल्डनचा फायदा एवढाच की पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हाताला सरावलेला, आणि दिसायला मवाळ. पण जाड कोटामुळे आपल्याकडे वीस मिनिटांत दमतो.

गावठीला उकाडा सोसतो, कोट आखूड, पाय पटकन पुसून होतात. शिवाय गावातल्या माणसाला तो ओळखीचा वाटतो. अडचण दोन ठिकाणी: अनोळखी माणसाबद्दल सावधपणा त्याच्या रक्तात असतो, आणि शिबिराबाहेरचे भटके त्याला आपल्यातला समजून अंगावर येतात. लहान वयात, तीन ते बारा-चौदा आठवड्यांत, भरपूर माणसं पाहिलेला गावठी असेल तर उत्तम. रस्त्यावरून मोठेपणी आणलेला बहुधा नको.

चाव्यांचा जुडगा
केंद्राच्या व्यवस्थेच्या बाजूने. न कळवता दारात कुत्रा घेऊन उभं राहणारी माणसं म्हणजे डोक्याला ताप, मग हेतू कितीही चांगला असो. क्रम असा ठेवा.

पावसाळ्याआधीच तालुक्याच्या मामलेदार कचेरीत आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे एक पानी पत्र द्या. २००५ च्या कायद्याने प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, पण केंद्र प्रत्यक्ष चालतं ते तालुका आणि पंचायतीच्या माणसांवर. पत्रात कुत्र्यांची नावं, वजन, लसीच्या तारखा, हँडलरचा फोन आणि 'बोलावल्याशिवाय येणार नाही' हे वाक्य. हे वाक्य वाचूनच अर्धं काम होतं.

बोलावणं आलं की आदल्या दिवशी एकट्याने, कुत्र्याशिवाय जाऊन जागा बघा. काय बघायचं: स्वयंपाक कुठे, बाळंतीण किंवा आजारी माणूस कुठे, मागचं दार आहे का, बाहेर भटके किती, वीज आहे का, कुत्र्याला मुतायला कोरडी जागा कुठे.

कुत्रा झोपायच्या खोलीत नेऊ नका. व्हरांडा किंवा एखादा वर्ग मागून घ्या. साधारण चार मीटर बाय चार मीटर कोपरा पुरे, एका बाजूला भिंत. ज्याला यायचं तो येईल, ज्याला भीती वाटते त्याला कुत्रा दिसणारही नाही. सभागृहात फिरवलेला कुत्रा म्हणजे न मागता दिलेली भेट. दारावर मराठी-कोंकणीत कागद: 'इथे कुत्रा आहे. वेळ ४ ते ५.'

जेवणाच्या वेळी कधीही नाही. भाताच्या टोपाजवळ कुत्रा दिसला की एक तक्रार पुरते, आणि ती रास्त असते.

जुवारी
आमच्या भागात केंद्र कधी शाळेत, कधी देवळाच्या अग्रशाळेत (धर्मशाळेत), कधी चर्चच्या हॉलात उघडतं. तिथे चालतं का? आणि मुसलमान कुटुंबांचं काय?

चाव्यांचा जुडगा
जागा ज्यांची त्यांना विचारायचं, एवढा साधा नियम. देवस्थान समिती 'आवारात नको' म्हणाली तर फाटकाबाहेर बसा, वाद नको. बऱ्याच मुसलमान घरांत कुत्र्याची लाळ लागली की कपडे आणि जागा धुवावी लागते, मग नमाज. पाण्याची आधीच टंचाई असताना त्यांच्यावर हे काम लादू नका. व्हरांड्याचा कोपरा यासाठीही बरा. कोणी लांबून बघत उभं राहिलं तर तेही चालतं, बोलवायला जाऊ नका.

म्हादईकाठ
आता प्रत्यक्ष बसवायचं कसं? पहिली दहा मिनिटं जरा तपशिलात सांगाल का?

लीश ढिली ठेवा
सांगतो.

गाडीतून उतरल्यावर आधी दहा मिनिटं बाहेर फिरवा, मुतून-हगून होऊ दे. साधा गळपट्टा किंवा एच आकाराचा हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा), दीड मीटरची लीश (हातात धरायचा दोर). ओढून लांब होणारी लीश नको, काट्यांचा पट्टा तर नकोच. चटई अंथरा. कुत्र्याला शिकवलेलं असावं की ही चटई म्हणजे काम, चटई उचलली की काम संपलं.

प्रत्येक कुत्र्यामागे दोन माणसं. एक हँडलर, त्याची नजर कुत्र्यावर. दुसरा साथी, त्याची नजर माणसांवर. लीश तिसऱ्याच्या हातात जात नाही, मूल कितीही मागे लागलं तरी.

हँडलर खाली बसतो, कुत्रा त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला आडवा, पाठ भिंतीकडे आणि तोंड समोर नव्हे, बाजूला. समोरून तोंडावर येणारा माणूस कुत्र्याला आवडत नाही आणि कुत्र्याचं तोंड समोर आलेलं घाबरलेल्या माणसालाही आवडत नाही. आडवा बसला की दोघांची सोय.

मूल येतं, दोन-तीन मीटरवर थांबतं. हमखास प्रश्न: 'सुणो चाबता?' (कुत्रा चावतो का?) याचं उत्तर 'चाबना' असं ठासून देऊ नका. 'मी धरलाय. तुला हात लावायचा आहे का, की नुसतं बघायचं?' असं विचारा. बघायचं म्हणाला तर बघू दे. हात लावायचा म्हणाला तर खांद्यावर किंवा पाठीवर, केसांच्या दिशेने. डोक्यावरून थापटायचं नाही.

मग तीन सेकंदांचा नियम. तीन सेकंद कुरवाळायचं आणि हात उचलायचा. कुत्रा स्वतः पुढे सरकला, टेकला तर पुन्हा. तोंड फिरवलं, ओठ चाटले तर पुरे. मुलांना हा खेळ आवडतो. 'आता त्याला विचार, आणखी हवंय का?' म्हटलं की ती कुत्र्याकडे नीट बघायला लागतात. ज्या मुलाच्या हातात गेल्या आठवड्यात काहीच नव्हतं, त्याच्या हातात एक निर्णय येतो.

एका वेळी दोन मुलं, फार तर तीन. वीस मिनिटं काम, दहा मिनिटं बाहेर पाणी आणि सावली, पुन्हा वीस. दिवसाला प्रत्यक्ष काम तासभर, अगदी ओढून दीड. चार तास विसरा. साध्या रुग्णालयीन भेटींनाही अनुभवी संस्था दोन तासांची मर्यादा घालतात.

थांबायच्या खुणा: झोप नसताना जांभई, अन्न नसताना ओठ चाटणं, डोळ्यांचा पांढरा कोपरा दिसणं, एक पुढचा पाय उचलून धरणं, अंग ओलं नसताना झटकणं, फरशीवर घामाचे पंजे उमटणं, अचानक केस-कोंडा गळणं. एक खूण दिसली तर लक्ष ठेवा. पाच मिनिटांत दोन दिसल्या तर चटई गुंडाळा. गुरगुरणं ही खूप उशिराची खूण, तिथवर पोचलात तर दोष हँडलरचा.

ऐकून घेणारी
यात एक भर. सगळ्या आपत्ती पाण्याच्या नसतात. मे २०२५ मध्ये शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली. अशा प्रसंगातून आलेल्या माणसाभोवती गर्दी करणं हेच घातक. कुत्र्याभोवती पोरांचं कडं झालं आणि तो माणूस मधे अडकला, तर धीर राहिला बाजूला. त्याला दाराच्या बाजूची जागा द्या, पाठीमागे कोणी उभं राहू देऊ नका, आणि बाहेर जायची वाट मोकळी दिसली पाहिजे.

कोणाजवळ कुत्रा न्यायचाच नाही: उघडी जखम किंवा ताजे टाके, दम्याचा जोर, प्रतिकारशक्ती खालावणारी औषधं, कुत्रा चावल्याचा जुना धसका. आणि ज्याचं स्वतःचं जनावर पुरात गेलं तो. हे शेवटचं लोक विसरतात. साखळीला बांधलेला कुत्रा सोडायला वेळ मिळाला नाही, अशा माणसाला तुमचा कुत्रा दिसला की तो एक तर घट्ट धरून रडतो नाही तर उठून निघून जातो. दोन्ही ठीक. साथीने आधी केंद्रात विचारून ठेवावं, कोणाच्या घरचं काय गेलं. त्या माणसाला आधी सांगायचं, 'आज कुत्रा येणार आहे', म्हणजे अचानक समोर येत नाही.

बोलता बोलता कोणी 'जगून काय करू' अशा अर्थाचं बोललं तर ते कुत्र्यावर सोडू नका. त्याला एकटं न ठेवता केंद्रप्रमुखाला आणि आरोग्य पथकाला तिथल्या तिथे सांगा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६, चोवीस तास, मोफत. बांबोळीला मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आहे. हँडलरच्या खिशात हे दोन्ही लिहिलेलं असावं.

पारावरचा
मान्य. चौथ्या आठवड्याचं बोललात ते पटलं. पण चावला तर? जबाबदारी कोणाची?

ओल्या पायांचा डॉक्टर
जबाबदारी हँडलरची, म्हणून तर लीश सोडायची नाही. नखाचा ओरखडासुद्धा नोंदवायचा.

लगेच करायचं: जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं. घड्याळ लावून, कारण लोक दोन मिनिटांत उरकतात. हळद, चुना, तंबाखू काही नाही, पट्टी घट्ट नाही. मग आरोग्य केंद्र. कुत्र्याची लस झालेली आहे म्हणून माणसाची टाळायची नाही, तो निर्णय डॉक्टरचा. त्वचेत द्यायची रेबीजची लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते. रक्त आलं असेल तर जखमेत द्यायचं सीरमही लागू शकतं. कुत्रा दहा दिवस नजरेखाली, आणि ते दहा दिवस कुठलीही फेरी नाही. ओरखडा लपवला आणि आठवड्याने कळलं, तर त्या तालुक्यात पुन्हा कोणी कुत्रा घेऊन उभं राहू शकणार नाही.

खाण्याबद्दलही आत्ताच सांगतो. शिबिरात प्रेमाने भरवणारे हात शंभर. शाकुतीतली कोंबडीची हाडं घशात रुततात, कांदा रक्त खराब करतो, शिऱ्यातले बेदाणे मूत्रपिंडावर येतात, चॉकलेट विषच. ट्रीट फक्त हँडलरच्या पिशवीतली, मुलाने द्यायची तर सपाट तळहातावर.

आंब्याचो टाळो
फोटोचं काय? पोरं कुत्र्यासोबत सेल्फी मागतातच.

ऐकून घेणारी
कुत्र्याचा एकट्याचा फोटो काढू द्या. माणसं असलेला फोटो हँडलरने काढायचा नाही आणि कुठे टाकायचा तर मुळीच नाही. त्याऐवजी एक छोटं कार्ड छापा: पुढे कुत्र्याचा फोटो आणि नाव, मागे १४४१६ आणि पुढच्या फेरीचा वार. मुलं ते उशाखाली ठेवतात, आणि मागचा क्रमांक घरातल्या मोठ्यांच्या हाती लागतो, जे स्वतःहून कधीच मागणार नाहीत.

वार लिहिलात तर पाळा. 'उद्या येतो' हे तोंडातून जाऊ देऊ नका, नक्की यायचं असेल तरच. शेवटच्या फेरीआधीच्या फेरीत सांगायचं: 'पुढच्या मंगळवारी शेवटचं.' आपत्तीत सगळं एकाएकी जातं, निदान कुत्रा तरी सांगून जाऊ दे.

लीश ढिली ठेवा
परतल्यावरचं राहिलं. पाय आणि पोट शॅम्पूने धुऊन पूर्ण कोरडे करा, बोटांमधली ओल राहिली तर दोन दिवसांत बुरशी. गोचीड पुन्हा बघा. पुढचा पूर्ण दिवस सुट्टी, म्हणजे खेळ आणि झोप. पाहुणेसुद्धा नकोत. जेवला नाही, जुलाब झाले, दारावरच्या बेलला नेहमीपेक्षा जास्त दचकला, तर पुढची फेरी रद्द.

तेच हँडलरला. घरी जाऊन झोप लागत नसेल तर दुसरा हँडलर पाठवा, आणि कुत्राही दुसराच, कारण जोडी फोडून चालत नाही.

म्हादईकाठ
सुधारलेली पिशवी अशी झाली. २० किलोच्या कुत्र्यासाठी तीन लिटर पाणी आणि वाडगा, चटई, दोन लीश, थर्मामीटर, ७० टक्के अल्कोहोलचं सॅनिटायझर, विष्ठा उचलायच्या पिशव्या, जुने टॉवेल चार, धुतलेल्या चादरी सहा, लसीच्या नोंदवहीची झेरॉक्स प्लास्टिकमध्ये, कार्डं, ट्रीट. मांडीवर बसणाऱ्या छोट्या कुत्र्यासाठी प्रत्येक माणसाला वेगळी चादर, म्हणून सहा. तीन कुत्रे, आठवड्यातून दोन फेऱ्या. मामलेदार कचेरीचं पत्र या आठवड्यात देतोय.

एकच शंका: चटई पावसाळ्यात वाळत नाही. ओली, कुबट वास मारणारी चटई कुत्र्याला चालेल, माणसांना नाही.

चाव्यांचा जुडगा
कापडी नकोच. योगाची रबरी चटई घ्या, सहा मिलिमीटरची. साबणाने पुसली की पाच मिनिटांत कोरडी. आणि दोन ठेवा, एक नेहमी कोणीतरी केंद्रातच विसरतं.

लीश ढिली ठेवा
दोन ठेवाल तर दोन्हींवर आत्तापासून सराव करून घ्या. नव्या चटईच्या रबराचा वास कुत्र्याला आठवडाभर अनोळखी लागतो, आणि फेरीच्या दिवशी तो चटईच्या कडेला बसून राहतो.